भायखळ्याचें वस्तुसंग्रहालय

रविवारची सुटी आली म्हणजे मुलुंड-घाटकोपरकडचीं कुटुंबें मुलांना घेऊन भायखळा स्टेशनावर उतरतात. अंधेरी-बोरिवलीकडील मंडळी दादरला गाडी बदलून तेथेंच येऊन पोहोंचतात. सर्वांचा रोख एकाच ठिकाणाकडे असतो. त्या ठिकाणाचें आजचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. परंतु मुंबईकरांच्या तोंडीं ‘राणीची बाग’ हेंच नांव अद्याप बसलेलें आहे. मुलांना पशुपक्षी पाहण्याची घाई झालेली असते, आणि वडील माणसांना सावलींतील जागा धरण्याची. या घाईंत बागेच्या दरवाजाजवळच उभी असलेली एक देखणी दुमजली इमारत बहुतेकांच्या दृष्टीआड राहून जाते. ही इमारत म्हणजे मुंबईंतील सर्वांत जुनें वस्तुसंग्रहालय होय. येथें या शहराचा इतिहास जपून ठेविला आहे, हें पुष्कळांना ऐकून ठाऊक असतें. पण इमारतीला स्वतःलाही एक इतिहास आहे, आणि तो आंतील कपाटांत मांडलेल्या वस्तूंपेक्षां कमी बोधप्रद नाहीं, ही गोष्ट मात्र थोड्यांच्याच लक्षांत येते.

त्या इतिहासाचें सार सांगावयाचें तर असें सांगतां येईल, कीं वस्तूंना घर लागतें आणि घराला धनी लागतो. घर नव्हतें तेव्हां या संग्रहाची धूळधाण झाली. घर मिळालें, परंतु पुढें धन्याचें लक्ष उडालें, तेव्हां घराचीच पडझड होऊं लागली. या दोन्ही आपत्तींतून तें वांचलें कसें, हें पाहण्यासारखें आहे.

आरंभ १८५१ सालापर्यंत मागें जातो. त्या वर्षीं लंडन येथें सर्व जगांतील कारागिरीचें एक प्रचंड प्रदर्शन भरलें, व पाठोपाठ १८५५ सालीं पॅरिस येथें दुसरें भरलें. हिंदुस्थानांतून तिकडे पाठविण्यासाठीं कापूस, धान्यें, लांकडें, धातु, विणकाम, भांडीं अशा वस्तु ठिकठिकाणांहून गोळा करण्यांत आल्या. या जमवाजमवींतून मुंबईंतही असा एक कायमचा संग्रह असावा ही कल्पना निघाली, आणि १८५५ सालीं सरकारनें फोर्टमधील ‘टाउन बॅरॅक्स’ या बराकींत तो मांडला. ‘बॉम्बे टाइम्स’चा संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट याच्याकडे त्याची व्यवस्था होती. पण संग्रहाची जागा उसनी होती. १८५७ सालीं उत्तरेंत शिपायांचा उठाव झाला, मुंबईंत गोऱ्या पलटणींना राहण्यासाठीं जागा हवी झाली, आणि बराकी तांतडीनें मोकळ्या करून घेण्यांत आल्या. दोन वर्षें खपून जमविलेल्या वस्तु बाहेर काढल्या गेल्या. बऱ्याच मोडल्या, बऱ्याच गहाळ झाल्या. उसन्या घरांत राहणाऱ्यावर जो प्रसंग कधीं ना कधीं ओढवावयाचा, तोच त्या संग्रहावर ओढवला.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८५८ सालीं, उरलासुरला संग्रह डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्या हातीं आला. बर्डवुड हे बेळगांवीं जन्मलेले, त्या वेळीं पंचविशीच्या आसपास असलेले डॉक्टर. हिंदी कारागिरीविषयीं त्यांना मनापासून आदर होता. त्यांना दोन साथीदार लाभले. एक जगन्नाथ शंकरशेट. मुंबईकर त्यांना नाना म्हणून ओळखत. शाळा, आगगाडी, नगरव्यवस्था यांपैकीं शहराचें असें एकही मोठें कार्य नव्हतें, कीं ज्यांत नानांचा हात नाहीं. दुसरे डॉ. भाऊ दाजी लाड. गोमंतकांतील एका गरीब घरांत जन्मलेला हा मुलगा मुंबईंत येऊन शिकला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांतून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत १८५१ सालीं चमकला. गोरगरिबांना औषधपाणी, महारोगावरील उपचारांचा शोध, लोकांच्या तक्रारी सरकारच्या कानांवर घालणें, आणि उरल्या वेळांत जुने शिलालेख वाचणें, असा त्यांचा दिनक्रम होता.

१५ डिसेंबर १८५८ रोजीं टाउन हॉलमध्यें नागरिकांची जाहीर सभा झाली, व संग्रहालय आणि सार्वजनिक बाग यांसाठीं वर्गणी उभारण्याचें ठरलें. राणीचा जाहीरनामा निघून तेव्हां जेमतेम दीड महिना झाला होता. या नव्या कार्याला व्हिक्टोरिया राणीचें व तिचा पति आल्बर्ट याचें नांव देण्यांत आलें. आज त्या नांवांत कोणाला केवळ राजनिष्ठा दिसेल. परंतु ज्या कार्याला राणीचें नांव आहे तें बराकीसारखें एका हुकुमानें मोकळें करून घेतां येत नाहीं, हेंही तितकेंच खरें होतें. शेटसावकारांनीं हात सैल सोडला. जमशेटजी जिजीभाई व डेव्हिड ससून यांच्यासारख्या धनिकांचें साहाय्य मिळालें. पारशी, यहुदी, हिंदु, इंग्रज या सर्वांच्या पैशानें उभें राहिलेलें हें घर पहिल्यापासूनच शहराचें होतें.

बागेसाठीं भायखळ्याची जागा ठरली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्ते संग्रहालयाची कोनशिला बसविण्यांत आली. तो काळ मुंबईला सोन्याचा वाटत होता. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटल्यामुळें तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला होता, आणि त्याची जागा हिंदी कापसानें घेतल्यानें मुंबईंत पैशाचा पूर आला होता. रोज नव्या कंपन्या निघत आणि त्यांच्या भागांवर लोकांच्या उड्या पडत. १८६५ सालच्या वसंतांत तें युद्ध संपलें आणि कापसाचा भाव कोसळला. जुलै उजाडला तेव्हां शहरांतील मोठमोठ्या पेढ्या बसल्या. त्याच जुलै महिन्याच्या अखेरच्या दिवशीं नाना शंकरशेट निवर्तले. भाऊ दाजींनींही भागांच्या व्यापारांत पैसा गुंतविला होता. त्यांची सारी मिळकत गेली. संग्रहालयाचें बांधकाम रेंगाळलें. बर्डवुड प्रकृति बिघडल्यामुळें १८६८ सालीं मायदेशीं परत गेले. इमारत पुरी होऊन २ मे १८७२ रोजीं लोकांसाठीं उघडली, तेव्हां त्या तिघांपैकीं एकटे भाऊ दाजी शहरांत उरले होते, आणि तेही विपन्नावस्थेंत. ३१ मे १८७४ रोजीं त्यांचाही अंत झाला.

अशा रीतीनें लाभलेलें हें घर बाहेरून पाहिल्यास शांत व भारदस्त दिसतें. इटलींतील जुन्या प्रासादांच्या धर्तीवर त्याची मांडणी केली आहे. आंत पाऊल टाकतांच मात्र देखावा पालटतो. विलायतेहून आणविलेले ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब वरच्या सज्जाला तोलून धरतात; पायांखालीं रंगीत फरशीची नक्षी, डोक्यावर चितारलेलें छत, खिडक्यांना कोरीव कांच, आणि ठिकठिकाणीं सोन्याचा वर्ख. दिवाणखान्याच्या मध्यभागीं आल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे. तो डेव्हिड ससून यांची देणगी. बाहेरच्या घड्याळाचा मनोराही त्यांच्याच नांवाचा. घरापुरतें पाहिलें तर मुंबईनें त्यांत कांहीं उणें ठेविलें नव्हतें.

संग्रहाचें स्वरूप काळाप्रमाणें बदलत गेलें. आरंभीं तो बाजारांत उपयोगी पडणाऱ्या मालाचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं सर जे. जे. कलाशाळेचे मुख्याध्यापक सेसिल बर्न्स यांच्याकडे संग्रहालय असतांना त्यांत माणसें आलीं. निरनिराळ्या जातिजमाती, त्यांचे पेहराव, पागोटीं, धंदे, खेळ, घरें हीं सारीं मातीच्या बोटभर उंचीच्या मूर्तींतून उभीं करण्यांत आलीं. गावठाणांची व बंदरांची चित्रें, जुने नकाशे, गलबतांच्या प्रतिकृति यांची भर पडली. १९२२ सालीं दक्षिण मुंबईंत प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय उघडल्यावर प्राचीन मूर्ति व थोर कलाकृति तिकडे शोभूं लागल्या. भायखळ्याकडे राहिलें तें मुंबईचें स्वतःचें रोजचें आयुष्य. दाराबाहेरील दगडी हत्ती हा या संग्रहाचा मोठा मानकरी. घारापुरीच्या बेटावरील ज्या हत्तीवरून पोर्तुगीज लोकांनीं बेटाला ‘एलेफंटा’ असें नांव दिलें, तोच हा. १८६४ सालीं तो विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलतांना यारी मोडली व हत्तीचे तुकडे झाले. तुकडे भायखळ्याला आणून ठेविले, आणि १९१४ सालीं ते जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यांत आला. मोडलेलें सांधून उभें करण्याचा धडा या आवारानें असा फार पूर्वींच गिरविलेला आहे.

असें असतांनाही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें घर खंगत गेलें. मुंबईंत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. छताला एकदां फट पडली म्हणजे पाणी भिंतींत मुरतें. भिंतींतील क्षार वर येऊन गिलाव्याला फुगा धरतो. लांकडाला कीड व लोखंडाला गंज चढतो. कपाटांतील कागदाला बुरशी येते. हें एका दिवसांत होत नाहीं, म्हणूनच तें कोणाला दिसत नाहीं. दरवर्षीं थोडी डागडुजी होते, जुन्या रंगावर नवा रंग बसतो, आणि खालची नक्षी एकेका थराखालीं बुजत जाते. १९७५ सालीं संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव देण्यांत आलें. ज्या पुरुषानें आपल्या भरभराटींत या कार्यासाठीं लोकांपुढें हात पसरला, त्याचें नांव एक शतक लोटल्यावर दारावर लागलें, ही गोष्ट न्यायाचीच झाली. परंतु नुसत्या पाटीनें छप्पर गळावयाचें थांबत नाहीं.

तें थांबविण्यासाठीं २००३ सालीं एक त्रिपक्षी करार झाला. पहिला पक्ष इमारतीची मालक मुंबई महानगरपालिका. दुसरा पैसा देणारें जमनालाल बजाज प्रतिष्ठान. तिसरा वारसा-रक्षणाचें काम करणारी ‘इंटॅक’ ही अखिल भारतीय संस्था. इंटॅकच्या वतीनें तस्नीम मेहता यांनीं या कार्याची धुरा वाहिली, व इमारतीचें काम वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखालीं झालें. १८५८ सालच्या सभेशीं या कराराचें साम्य लक्षांत घेण्यासारखें आहे. तेव्हांही सरकार, धनिक आणि जाणते नागरिक अशी तीन माणसें एकत्र आलीं, तेव्हांच गाडा हलला. आतांही तसेंच झालें. यांतील एकट्यानें काम हातीं घेतलें असतें, तर तें तडीस गेलें असतें असें वाटत नाहीं. मालकाजवळ अधिकार असतो पण सवड नसते. धनिकाजवळ पैसा असतो पण अधिकार नसतो. जाणत्याजवळ विद्या असते, पण बाकीचीं दोन्ही नसतात.

येथें ‘जीर्णोद्धार’ या शब्दाकडे वळणें जरूर आहे. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार झाला असें म्हणतात, तेव्हां पुष्कळदां जुनें देऊळ उतरवून त्या जागीं नवें बांधलेलें असतें. लांकडी मंडप जातो, सिमेंटाचा येतो. दगडाला तैलरंग लागतो. भक्ताचा भाव त्यांत खोटा नसतो, कारण त्याला मूर्ति टिकवावयाची असते, भिंत नव्हे. पण ज्या इमारतीची भिंत हाच पुरावा आहे, तेथें ही रीत चालत नाहीं. तेथें जीर्णोद्धार म्हणजे घालण्यापेक्षां काढणेंच अधिक. रंगाचे थर एकावर एक असतील ते हलक्या हातानें खरवडून मूळ छटा कोणती हें शोधावयाचें. पाणी कोठून येतें हें आधीं पाहावयाचें, मग डाग पुसावयाचा. चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंट लावून तिचा श्वास कोंडावयाचा नाहीं. कुजलेली तुळई काढावी, पण धड असलेली केवळ जुनी म्हणून फेकूं नये. असें काम सावकाश चालतें आणि तें झाल्यावर बाहेरच्यास फारसें कांहीं केल्यासारखें दिसतही नाहीं.

ज्यांचें नांव या इमारतीला आहे ते भाऊ दाजी याच जातीचें काम आपल्या हयातींत करीत होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख, जुनागडच्या खडकावरील रुद्रदामन् क्षत्रपाचा लेख, यांचा त्यांनीं अभ्यास केला. झिजलेला शिलालेख वाचणाऱ्यानें प्रथम धूळ पुसावी, ठसा घ्यावा, जेवढें अक्षर दिसेल तेवढेंच लिहावें. जेथें दगड फुटलेला आहे तेथें आपल्या पदरचें अक्षर घालून ओळ पुरी करण्याचा मोह झाला, तरी तो आवरावा. निदान तें अक्षर आपलें आहे हें सांगावें. इमारतीच्या बाबतींतही नियम हाच. जो हा नियम मोडतो त्याची इमारत सुंदर दिसेल, पण तिचा इतिहास खोटा ठरेल.

भायखळ्यास हा नियम पाळला गेला. इमारतीचें काम पाहून २००५ सालीं युनेस्कोनें आशिया व प्रशांत विभागांतील वारसा-रक्षणासाठीं दिला जाणारा सर्वोच्च सन्मान तिला दिला. त्यानंतर कपाटें, मूर्ति, नकाशे, चित्रें यांची एकेक करून शुश्रूषा झाली, आणि जवळजवळ पांच वर्षांच्या कामानंतर जानेवारी २००८ मध्यें संग्रहालय पुन्हा उघडलें. हिरवट रंगाच्या भिंती, सोनेरी नक्षीचे खांब आणि छतावरील चित्रकाम पाहून, आपण याच इमारतींत लहानपणीं आलों होतों यावर कित्येकांचा विश्वास बसेना. आणखी एक गोष्ट विशेष म्हणावी लागेल. आल्बर्टचा पुतळा होता तेथेंच राहिला. १९६५ सालीं शहराच्या रस्त्यांवरून हलविलेले इंग्रजी अमदानीचे पुतळेही याच परिसरांत आले आहेत. सातवा एडवर्ड बादशहा ज्यावर बसला आहे तो ‘काळा घोडा’ही येथेंच आहे, घोडा गेला तरी फोर्टमधील त्या चौकाला लोक अजून त्याच्याच नांवानें ओळखतात. जे राज्य गेलें त्याच्या खुणा चौकांतून काढून संग्रहालयाच्या आवारांत ठेवण्यांत एक प्रकारचा समंजसपणा आहे. त्यांना मान द्यावयाचा नाहीं, पण त्या होत्याच नाहींत असेंही म्हणावयाचें नाहीं.

तथापि घराचें काम कधीं संपत नाहीं. कोविडच्या साथींत बंद झालेल्या या संग्रहालयाला पुन्हा दुरुस्ती लागली, व २०२५ सालच्या आरंभीं तें फिरून उघडलें. पाऊस दरवर्षीं येतो. त्याला पूर्वींच्या कामाची भीड नसते. म्हणून जीर्णोद्धार हा एखादा समारंभ नसून ती एक संवय आहे, असें म्हणावें लागतें.

या साऱ्याचा मुलुंड-बोरिवलीच्या रहिवाशांशीं संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. १८७२ सालीं हें घर उघडलें तेव्हां मुंबई शहर माहीम-शीवच्या खाडीपाशींच संपत होतें. पलीकडील साष्टी म्हणजे भातखाचरें, आगर, कोळीवाडे व गांवठाणें यांचा मुलुख. शहराची हद्द खाडी ओलांडून उत्तरेकडे सरकली ती पुष्कळ उशिरा. १९५० सालीं अंधेरी-घाटकोपर धरून बराचसा भाग महानगरपालिकेच्या हद्दींत आला, आणि १९५७ सालीं बोरिवली-मुलुंडपर्यंतचा. त्या दिवसापासून भायखळ्याच्या या घराचे धनी उपनगरांतील लोकही झाले. त्याच्या छतावर चढलेलें कौल आणि भिंतीला लागलेला चुना यांत त्यांचाही पैसा आहे. बागेंत येऊन दाराबाहेरूनच परत जाणारें कुटुंब म्हणजे आपल्याच ओटीवरून परत फिरणारें कुटुंब होय.

याहून एक पाऊल पुढें जातां येईल. साष्टीच्या भूमींतही अशीं जुनीं स्थळें आहेत, कीं ज्यांची पानें अद्याप पुरतीं वाचलीं गेलीं नाहींत. बोरिवलीजवळ मंडपेश्वराच्या शैव लेण्यांवर पोर्तुगीजांच्या मठाचे भग्नावशेष उभे आहेत. अंधेरीच्या पूर्वेस, आजच्या कारखान्यांच्या वसाहतींत, १५७९ सालीं बांधलेल्या व १८४० सालीं ओस पडलेल्या सेंट जॉनच्या चर्चच्या भिंती उन्हापावसांत तग धरून आहेत. महाकालीचीं लेणीं वस्तींनीं वेढलेलीं आहेत. या प्रत्येक ठिकाणीं कोणी तरी जीर्णोद्धाराचा विषय काढील तेव्हां पैसा, परवाना आणि कंत्राट यांची चर्चा होईलच. त्याआधीं एक लहानसा प्रश्न विचारावा लागेल, कीं हें कोणाचें आहे? भायखळ्यास त्या प्रश्नाचें उत्तर एका सभेंत मिळालें, मग कांहीं काळ हरवलें, आणि पुन्हा सांपडलें. उत्तर सांपडलें तेव्हांच छप्पर गळावयाचें थांबलें.